दुर्बिणीतून सांधा शिकताना: कोल्हापुरातल्या नव्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांसाठी

एमएस किंवा डीएनबी ऑर्थो संपत आलंय, फ्रॅक्चरवर हात बसलाय आणि आता आर्थ्रोस्कोपी (बारीक दुर्बीण, म्हणजे स्कोप, सांध्यात घालून करायचं काम) व स्पोर्ट्स इंजुरीत उतरायचं मनात आहे, अशा डॉक्टरांसाठी हा लेख आहे. तुम्ही सीपीआर या सरकारी रुग्णालयात असा, कदमवाडीला डी. वाय. पाटीलमध्ये असा, की गडहिंग्लजकडच्या एखाद्या लहान हॉस्पिटलात नोकरीला असा, पायऱ्या त्याच आहेत.

या शाखेला कोल्हापूरसारखं गाव नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत भल्या पहाटे जोर-बैठका सुरू होतात. हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार यांच्या सामन्यांना अख्ख्या पेठा लोटतात. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग कुस्ती मैदान तर आहेच, शिवाय गावोगावच्या जत्रांची मैदानं आणि कबड्डी. इथे गुडघे आणि खांदे दुखावणारच. त्यामुळे पेशंट कुठून मिळतील ही चिंता सोडा. चिंता करायची ती त्यांना नीट बरं करण्याइतकं शिकण्याची.

माझं ठाम मत आधीच सांगतो. ही विद्या नुसत्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, शिकता येत नाही. एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी जोडणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं. पैलवान पुन्हा मातीत उतरणार की नाही हे मात्र त्याआधीच्या निर्णयावर आणि नंतरच्या नऊ-दहा महिन्यांवर ठरतं. ट्रेनिंग निवडताना, घेताना आणि परत येऊन काम सुरू करताना हे डोक्यात ठेवा.

पहिली पायरी: स्कोपच्या आधी हात

फेलोशिपचा फॉर्म भरण्याआधी ओपीडीत बसून गुडघा तपासायला शिका. एमआरआयचा रिपोर्ट वाचून पेशंटकडे बघायची सवय लागली की ती सुटत नाही, म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी विचारा, मग हात लावा, मग फिल्म बघा.

विचारायचं काय? सूज कधी आली. पाय वळला, 'कट्'कन आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त भरलंय आणि दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एसीएल तुटलंय असंच धरा. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, जिना उतरताना सांध्याच्या एका बाजूला कळ येते, मधेच गुडघा अडकतो, तर संशय मेनिस्कसवर, म्हणजे लोक ज्याला 'गादी' म्हणतात तिच्यावर. "डॉक्टर, पळताना काय होत नाही, पण वळलं की निसटतोय," हे वाक्य पोरांकडून पुन्हा पुन्हा ऐकाल. ते कुठल्याही रिपोर्टइतकंच मोलाचं आहे.

नडगी पुढे ओढून एसीएल तपासायची लॅकमन टेस्ट पुस्तकात सोपी दिसते. शंभर किलोच्या पैलवानाची मांडी एका हाताच्या पंज्यात मावतच नाही, तिथे ती फसते. अशा वेळी टेबलावर स्वतःचा गुडघा ठेवा, त्यावर त्याची मांडी टेकवा, वरून एका हाताने मांडी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढा. त्याचे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, सैल पडेपर्यंत थांबा, बोलत राहा, कुठल्या गावचा, कोणाकडे सराव करतो ते विचारा. आवळलेल्या स्नायूंमुळे तुटलेलं एसीएलसुद्धा शाबूत वाटतं. पिव्हट शिफ्ट, म्हणजे वळताना गुडघा निसटतो का ते बघायची टेस्ट, जाग्या पैलवानात बहुतेक वेळा मिळत नाही, म्हणून भूल दिल्यावर, ड्रेपिंगच्या आधी, दोन्ही गुडघे पुन्हा तपासायचा नियमच करा.

गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्याची दुखापत सुटता कामा नये. ती राहून गेली तर उत्तम बसवलेलं ग्राफ्टही (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी घातलेला टेंडन) ताणून निकामी होतं. पाय बाहेर किती वळतो ते बघायची डायल टेस्ट न विसरता करा. गुडघा पूर्ण निखळून परत बसलेला असू शकतो, म्हणून दोन-तीन लिगामेंट एकदम गेलेली दिसली की आधी पायाची नाडी बघा, घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढा. ते 0.9 च्या खाली असेल तर लिगामेंटचा विचार बाजूला ठेवून रक्तवाहिनीचा तपास त्याच क्षणी सुरू करा. पाऊल वर उचलता येतंय का, हेही तेव्हाच बघून लिहून ठेवा.

आणखी एक. खेळाडूचा सुजलेला गुडघा म्हणजे दरवेळी दुखापतच असं नाही. टोकियोत 1918 साली केंजी ताकागी यांनी मूत्राशय बघायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, त्यामागे गुडघ्याचा टीबी लवकर ओळखता यावा हा हेतू होता. गुडघा आखडला की जपानी माणसाला घरात नीट बसताही येत नसे. आपल्याकडेही मांडी घालून बसणारी, बैठका मारणारी माणसं आहेत आणि टीबीही आहे. महिनोन्महिने सूज, मांडी बारीक झालेली, दुखापतीचा नीट इतिहास नाही, असं दिसलं तर बायोप्सीचा विचार मनात असू द्या.

दुसरी पायरी: घरच्या घरी हात बसवणं

रेसिडेन्सीत स्कोप हातात फारसा येत नाही. त्यासाठी कुढत बसू नका. एका प्लास्टिकच्या डब्याला दोन भोकं पाडा, आत लहान यूएसबी कॅमेरा तिरका बसवा, लॅपटॉपच्या पडद्यावर बघत लांब चिमट्याने आतले मणी एका खिळ्यावरून दुसऱ्यावर न्या. पडद्यावर नजर, हात खाली, आणि दोन्ही हत्यारांची टोकं आंधळेपणाने एका बिंदूवर आणणं: ट्रँग्युलेशन म्हणतात ते हेच. अमेरिकेतल्या संस्थांनी 'फास्ट' नावाचा जो पायाभूत अभ्यासक्रम केला आहे, त्यातही अशाच साध्या पेटीवरच्या कसरती आहेत. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण रोज हवीत.

नेहमीचा स्कोप 4 मिमी जाडीचा असतो आणि त्याची नजर सरळ न जाता 30 अंशांत तिरकी जाते. म्हणून स्कोप न हलवता नुसती लाईट केबल फिरवली की दृश्य बदलतं. नवा माणूस दिसत नाही म्हणून स्कोप आत ढकलतो आणि कूर्चेवर ओरखडा काढतो. कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. फिरवायची सवय डब्यावरच लावून घ्या.

गाठींचंही तसंच. खिडकीच्या गजाला जाड दोरी बांधून आधी हाताने, मग नॉट पुशरने सरकती गाठ आणि तिच्यावर आलटून-पालटून पोस्ट (ज्या धाग्याभोवती गाठ बसते तो) बदलत तीन हाफ-हिच मारायचा सराव करा. खांद्याचं काम शिकायला जाल तेव्हा हे आयतं हाताशी असेल.

तिसरी पायरी: कुठे शिकायचं ते ठरवणं

वाटा मोजक्या आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी फेलोशिप, तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे, म्हणजे एमयूएचएसचे, मान्यताप्राप्त संस्थांतून चालणारे फेलोशिप अभ्यासक्रम. मोठ्या खासगी हॉस्पिटलांच्या स्वतःच्या फेलोशिप. आणि इंडियन आर्थ्रोस्कोपी सोसायटी किंवा आयसॅकॉससारख्या संघटनांमार्फत मिळणाऱ्या, देशातल्या-परदेशातल्या लहान मुदतीच्या संधी. जागा, मुदत आणि अटी बदलत राहतात, त्या त्या वर्षीची अधिकृत सूचना स्वतः वाचा. सरकारी कॉलेजात पीजी केलं असेल तर सरकारी सेवेच्या बाँडची तारीख आधी पक्की करा. मिळालेली जागा बाँडपायी सोडावी लागली तर वर्ष जातं.

नावावर जाऊ नका. तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या फेलोला फोन करा आणि खोदून विचारा. आठवड्याला केसेस किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही विचारा: त्यातल्या किती केसेसमध्ये स्कोप तुझ्या हातात होता? पहिले तीन महिने नुसता पाय धरून उभं राहावं लागलं का? ग्राफ्ट काढायला आणि तयार करायला मिळतं का? खांदा शिकायला मिळतो की सगळा गुडघाच? कॅडॅव्हर लॅब (मृतदेहावर सराव करायची सोय) आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ऑपरेशन झालेले पेशंट तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात फेलोला तपासायला मिळतात का, फिजिओ विभागात बसता येतं का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आलं तर जागा कितीही मोठी असो, मी दोनदा विचार करीन. केसेस कमी पण फॉलोअप पक्का, असं ठिकाण मला जास्त मोलाचं वाटतं.

विद्यापीठाची किंवा मंडळाची पदवी आणि हॉस्पिटलचं प्रमाणपत्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बोर्डावर आणि लेटरहेडवर काय लिहिता येतं, याची खात्री महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून करून घ्या.

चौथी पायरी: ओटीतले पहिले महिने

पहिल्या दिवसापासून शेव्हर (सांध्यातलं ऊतक तासून काढणारं यंत्र) हातात यावा असं वाटतं. त्याआधी टेबल, टॉर्निके (मांडीवर बांधून रक्त रोखणारा पट्टा), लेग होल्डर, कॅमेऱ्याचं व्हाईट बॅलन्सिंग आणि पाणी समजून घ्या. पंप नसेल आणि सलाईनच्या तीन लिटरच्या पिशव्या स्टँडला टांगून काम चालत असेल, तर पिशवी एक फूट वर नेली की दाब साधारण 22 मिमी पाऱ्याइतका वाढतो. पडद्यावर लाल धुकं दिसलं की स्कोपला दोष देत तो फिरवण्यापेक्षा आधी पिशवी रिकामी झालीय का, नळी कुठे पिरगळलीय का ते बघा. कोल्हापूरला परत आल्यावर पंप मिळेलच असं नाही, त्यामुळे दोन्ही पद्धती शिकून घ्या.

पोर्टल, म्हणजे सांध्यात शिरायचं भोक, नीट पडलं तर निम्मं काम सोपं होतं. बाहेरचं पोर्टल पटेलाच्या (गुडघ्याच्या वाटीच्या) टेंडनला लागून, सांध्याच्या रेषेच्या थोडं वर. आतलं पोर्टल नेहमी बाहेरून सुई घालून, पडद्यावर तिचं टोक बघून मगच. सुई हव्या त्या जागी पोचत नसेल तर काढून परत घाला, सुईच्या भोकाचं काही बिघडत नाही. चाकू चालवताना धार वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे गादी कापली जात नाही.

सांध्यातली फेरी दरवेळी त्याच क्रमाने मारायची: पटेलाच्या वरचा कप्पा, पटेला आणि तिची खोबण, दोन्ही बाजूंचे गटर, आतला कप्पा, मधली नॉच (मांडीच्या हाडाच्या टोकाची खाच), मग पाय चारच्या इंग्रजी आकड्यासारखा दुमडून बाहेरचा कप्पा. एसीएल तुटलंय हे माहीत असलं तरी क्रम मोडू नका, आणि प्रोबने (चाचपायच्या आकडीने) प्रत्येक गोष्टीला हात लावून बघा. गादीच्या मागच्या टोकाची, मुळाजवळची फाट नुसत्या नजरेला दिसत नाही. प्रोबने उचलली की कळते. नॉचमधून स्कोप मागे सरकवून आतल्या गादीचा मागचा काठ बघायचीही सवय ठेवा, एसीएलसोबतच्या फाटी तिथे लपतात.

एसीएलमध्ये नवा सर्जन हमखास फसतो ती जागा मांडीच्या हाडावर आहे. नॉचच्या बाहेरच्या भिंतीवर एक हाडाची कड आडवी येते. समोरून बघताना तीच मागची सीमा वाटते आणि ग्राफ्ट बसवायचा हाडातला बोगदा तिच्या पुढे, चुकीच्या जागी पडतो. खरी जागा त्या कडेच्या मागे असते. स्कोप आतल्या पोर्टलमधून घालून भिंत समोरासमोर बघा, गुडघा नव्वद अंशांत ठेवा, जुन्या लिगामेंटचा बुंधा थोडा शिल्लक ठेवून त्याच्या खुणेने जागा ठरवा. ड्रिल करताना मात्र गुडघा 120 अंशांपर्यंत दुमडा, नाहीतर बोगदा आखूड होतो किंवा मागची भिंत फुटते. सीनियर ड्रिल करत असताना हे प्रत्येक केसला तोंडाने सांगायचा प्रयत्न करा: "आता कड इथे, मी हिच्या मागे जाणार." चुकलात तर लगेच कळेल आणि पेशंटचं काही नुकसान होणार नाही.

ग्राफ्ट हे स्वतंत्र शिक्षण आहे. हॅमस्ट्रिंग काढताना पोटरीच्या स्नायूकडे जाणारे पट्टे आधी बोटाने चाचपून कापायचे. ते राहिले तर स्ट्रिपर (टेंडन सोडवून काढायचं हत्यार) वाट सोडतो आणि टेंडन अर्ध्यातच तुटून हातात येतो. जाडी 8 मिमीपेक्षा कमी भरली तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. आणि पैलवानाच्या बाबतीत ग्राफ्टची निवड पुस्तकातून उचलू नका. पटेलाच्या टेंडनचं ग्राफ्ट पक्कं असतं, पण नंतर गुडघे टेकताना दुखू शकतं आणि पैलवानाचं निम्मं आयुष्य गुडघे टेकून जातं. हॅमस्ट्रिंग काढले तर गुडघा जोराने दुमडण्याची ताकद थोडी कमी होते, आणि कुस्तीत पायाची पकड तिच्यावरच असते. निर्दोष पर्याय नाही. दोन्ही गोष्टी पैलवानासमोर आणि वस्तादासमोर मांडा, तो कुठल्या डावांवर खेळतो ते विचारा, मग ठरवा.

गादीबद्दल एकच सांगतो: शिवता येत असेल तर शिवा. कापलेला पेशंट महिन्याभरात खूश होतो, शिवलेल्याला आठवडेच्या आठवडे जपावं लागतं, म्हणून कापायचा मोह होतो. वीस वर्षांच्या पोराची गादी काढून टाकणं म्हणजे त्याच्या चाळिशीतल्या गुडघ्यातून उचल घेणं आहे. बाहेरची गादी मागच्या बाजूने शिवताना पॉप्लिटिअल धमनी अगदी जवळ असते, तिथली सुई सीनियरच्या हाताखालीच घालायला शिका.

खांद्याचं स्वतंत्र लेखातच लिहावं लागेल. इतकंच सांगतो की वारंवार निखळणाऱ्या पैलवानी खांद्यात हाड किती झिजलंय ते सीटी स्कॅनवर मोजल्याशिवाय नुसती लेब्रम (खांद्याच्या खोबणीभोवतीची कड) शिवायला जाऊ नका. धक्काबुक्कीच्या खेळात अशी दुरुस्ती टिकत नाही आणि लाटार्जेसारखं हाडाचं ऑपरेशन लागतं.

पाचवी पायरी: तालमीतलं पोर वेगळं असतं

बारा-तेरा वर्षांची पोरं तालमीत राहायला येतात. त्यांच्या हाडांच्या वाढीच्या चकत्या उघड्या असतात. मोठ्यांसारखा बोगदा सरळ त्यातून गेला तर पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. शिवाय या वयात लिगामेंट तुटण्याऐवजी नडगीवरचा हाडाचा तुकडाच उपटून येतो, म्हणून साधा एक्सरे आधी नीट बघा. वाढ किती शिल्लक आहे हे ठरवता येईपर्यंत हत्यार उचलू नका.

कातडी बघायला विसरू नका. मातीत आणि मॅटवर अंगाला अंग घासतं, गजकर्ण आणि फोडं असतातच. मांडीवर एखादी पिकलेली फोड असताना ग्राफ्ट घालणं म्हणजे सांध्यात पू बोलावणं. पैलवानाला पूर्ण कपडे काढून तपासा, गजकर्ण बरं होईपर्यंत तारीख पुढे ढकला. तो कितीही म्हणाला की जत्रा जवळ आलीय, तरी. ग्राफ्ट व्हॅन्कोमायसिनच्या द्रावणात भिजवून घातल्याने जंतुसंसर्ग कमी होतो, हे आता भक्कमपणे दिसून आलंय. ती सवय ट्रेनिंगमध्येच लावून घ्या.

आणि औषधं. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याला काही लिहून देण्याआधी नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) निषिद्ध औषधांची यादी तपासा. स्टेरॉइडचं इंजेक्शन, सांध्यात दिलेलंसुद्धा, स्पर्धेच्या काळात 1 जानेवारी 2022 पासून निषिद्ध आहे. ट्रामाडॉल 1 जानेवारी 2024 पासून. तुमच्या एका चिठ्ठीने पोराचं करिअर अडकू शकतं.

सहावी पायरी: ऑपरेशननंतरचे महिने

"डॉक्टर, चार महिन्यांत उभा राहतो का बघा, कुस्ती नेमलीय." याला ठाम उत्तर द्यायची तयारी हवी. आत बसवलेला टेंडन सुरुवातीच्या महिन्यांत उलट कमजोर होतो आणि मग हळूहळू लिगामेंटसारखा बनतो, त्याला वर्षभराहून जास्त काळ लागतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. महिने भरले म्हणजे परवानगी, असंही नाही. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आली का, एका पायावर उडी मारून नीट उतरतो का, उतरताना गुडघा आत कोसळतो का, आणि त्याच्या मनातली भीती गेलीय का, हे सगळं बघायचं.

फेलोशिपमध्ये आठवड्याचा एक दिवस फिजिओंच्या शेजारी घालवा. पूर्ण सरळ होणारा गुडघा पहिल्या काही आठवड्यांतच मिळवायचा असतो. तो हुकला तर नंतर ओढून मिळत नाही. कोल्हापुरात आल्यावर वस्तादाला भेटायला तालमीत जा. जोर केव्हापासून, बैठका किती खोल, धावणं केव्हा, मातीत नुसतं उतरणं केव्हा आणि जोड केव्हा, हे महिन्यांप्रमाणे मराठीत एका कागदावर लिहून तालमीत लावायला द्या. पैलवान तुमचं ऐकेलच असं नाही, वस्तादाचं ऐकतो. फुटबॉल मंडळांच्या प्रशिक्षकांशी बोलून 'फिफा 11+' हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप सुरू करायला लावा. नियमित केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात. मुलींच्या संघांना तो आधी शिकवा, कारण त्याच खेळात मुलींमध्ये एसीएल तुटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

सातवी पायरी: परत येऊन सुरुवात

स्वतःचा सेट घेण्याची घाई करू नका. आधी दोन-तीन हॉस्पिटलांत जाऊन कॅमेरा, स्कोप, पंप कशा अवस्थेत आहेत ते बघा आणि त्याहून बारकाईने निर्जंतुकीकरण बघा. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये स्कोप वीस मिनिटं बुडवून काढला की झालं, ही समजूत बऱ्याच ठिकाणी आहे. तेवढ्या वेळात फक्त वरवरचं निर्जंतुकीकरण होतं, बीजाणू मरायला दहा तास लागतात, आणि नंतर नळाच्या पाण्याने धुतलं तर केलेलं सगळं वाया. प्लाझ्मा किंवा ईटीओ वायूने निर्जंतुक करायची सोय नसेल तर ती होईपर्यंत तिथे ग्राफ्टची केस लावू नका.

खर्चाचं बोलणं स्पष्ट ठेवा. स्क्रू, बटण, शिवायचे अँकर यांची किंमत ऑपरेशनआधी लिहून द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारून मगच पेशंटला सांगा. तालमीतल्या पोराचा खुराकच घरच्यांना जड जात असतो.

पहिल्या वर्षी साध्या एसीएल, साध्या गादीच्या केसेस करा. दुसऱ्यांदा तुटलेलं ग्राफ्ट, अनेक लिगामेंटची दुखापत, वाढीच्या चकत्या उघड्या असलेली मुलं पुण्या-मुंबईला तुमच्या गुरूंकडे पाठवा. पाठवताना एमआरआयची सीडी, आधीच्या ऑपरेशनची नोंद, तुमच्या तपासणीचे निष्कर्ष आणि आधीच्या बोगद्यांची जागा दाखवणारा एक्सरे सोबत द्या. तिथल्या ऑपरेशनच्या दिवशी स्वतःची ओपीडी बंद ठेवा, गुरूंना फोन करून असिस्ट करायला येऊ का विचारा, आणि पेशंट परत आला की त्याचं फिजिओ तुमच्याच देखरेखीखाली सुरू करा.